स्वस्त गाडीला महागडा साज

आयर्लंडमध्ये वाढलेल्या आपल्या मुलांची पहिली गाडी बहुधा एक लिटरची मायक्रा किंवा यारिस. मग रुंद एक्झॉस्ट, नवा एअर फिल्टर यांचे वेध लागतात. त्याने आवाज वाढतो, ताकद फारशी नाही. टर्बो नसलेले एवढेसे इंजिन हवा ओढून ओढून किती ओढणार! शिवाय असा बदल विमा कंपनीला कळवावा लागतो. हप्ता वाढू शकतो. लपवल्यास ऐन अपघातात भरपाई अडू शकते. २००० साली सुरू झालेल्या ‘एनसीटी’ चाचणीत कर्कश एक्झॉस्टही नापास होऊ शकतो.

हौसच असेल तर पैसे टायरांवर घालावेत. कायद्याला १.६ मिलिमीटर खोलीची नक्षी पुरते, पण कॉर्कच्या पावसात गाडी वेळेवर थांबायला त्याहून बरीच जास्त हवी. ब्रेकपॅडही त्याच फेरीत बघून घ्यावेत.