जाळीतल्या पेशी आणि स्टिरॉइडचा थेंब

स्टिरॉइड म्हटलं की आपल्याकडे दोन पक्ष पडतात. एकाला ते रामबाण वाटतं, दुसऱ्याला विष. मालवणच्या किनाऱ्यावर डोळे तपासण्यात माझं आयुष्य गेलं आणि या दोन्ही पक्षांशी माझं कधी पटलं नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा डोळ्याच्या आत सूज असताना याच थेंबांनी दृष्टी वाचते. देखरेख नसेल तर त्यांनीच ती जाते. देखरेख म्हणजे तरी काय? डोळ्यातला दाब मोजणं, कारण चढलेला दाब दृष्टीची शीर पोखरतो.

थोडा इतिहास. कॉर्टिझोन हे स्टिरॉइड 1948 मध्ये मेयो क्लिनिकमध्ये संधिवातावर वापरलं गेलं, 1950 मध्ये हेंच, केंडॉल आणि राइखस्टाइन यांना नोबेल मिळालं. 1954 मध्ये बेल्जियमच्या फ्रान्स्वा यांनी थेंबांमुळे दाब वाढल्याची नोंद केली. साठच्या दशकात आर्मली आणि बेकर यांनी काही आठवडे थेंब घालून दाब मोजले. साधारण तिघांतल्या एकाचा दाब बऱ्यापैकी चढला, शंभरातल्या पाच-सहा जणांचा फारच चढला. आधीच काचबिंदू असलेल्यांत तर जवळजवळ सगळ्यांचाच.

दाब का चढतो, यात माझा जीव रमतो. डोळ्याच्या पुढच्या भागात मिनिटाला दोन-अडीच मायक्रोलिटर पाणी तयार होतं आणि बुबुळाच्या कडेशी असलेल्या ट्रॅबेक्युलर मेशवर्क या जाळीतून झिरपून जातं. या जाळीला नुसती चाळणी समजणारे आजही आहेत. तिच्या तंतूंवर जिवंत पेशी असतात, हे ते विसरतात. रापण ओढून झाल्यावर रापणकर जाळ्यातला कचरा झाडतो, फाटलेला भाग शिवतो. तेच काम या पेशी अहोरात्र करतात. स्टिरॉइडचा रेणू पेशीत शिरतो, तिथल्या रिसेप्टरला चिकटतो आणि त्याच्यासह केंद्रकात जाऊन जनुकांचा कारभार बदलतो. एरवी सरळ जुड्यांत असणारे अ‍ॅक्टिन या प्रथिनाचे धागे एकमेकांत गुंतून त्रिकोणी चौकटींचा कडक सांगाडा बनवतात. 1994 मध्ये अ‍ॅबट क्लार्क आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींत हे दाखवलं. पेशी ताठरते, कचरा गिळेनाशी होते. बाहेर फायब्रोनेक्टिन, लॅमिनिन, कोलॅजेन ही प्रथिनं साचत जातात आणि ती विरघळवणारी विकरं मंदावतात. निचरा अडतो, दाब चढतो. थेंबांनी हे सारं बहुधा दोन ते सहा आठवड्यांत घडतं, आणि तेवढ्या काळात रुग्णाला सहसा काहीच जाणवत नाही.

याच पेशींच्या अभ्यासातून मायोसिलिन हे प्रथिन हाती लागलं. 1997 मध्ये त्याच्या जनुकातले बिघाड तरुणपणी येणाऱ्या आनुवंशिक काचबिंदूशी जोडले गेले. तेव्हापासून काही मंडळी ‘जनुक तपासा, कोणाचा दाब चढणार ते कळेल’ असं सांगत फिरतात. त्यांच्याशी माझा जुना वाद आहे. दाब चढणाऱ्यांत मायोसिलिनचे बिघाड नेमाने सापडत नाहीत. एकाच जनुकावर सगळं ठरतं, हा साठच्या दशकातला सिद्धांतही जुळ्यांच्या अभ्यासात टिकला नाही. समोरच्या रुग्णाचा दाब चढतोय का, हे आजही मोजूनच कळतं.

उपचार ठरलेले आहेत: स्टिरॉइड थांबवा किंवा सौम्य करा, टिमोलॉलसारखी दाब उतरवणारी औषधं द्या, न भागल्यास शस्त्रक्रिया. एकाच गोष्टीपाशी थांबतो. जपानात 2014 मध्ये रिपासुडिल आणि अमेरिकेत 2017 मध्ये नेटारसुडिल आलं. ही औषधं जाळीतल्या पेशींचा ताठरपणाच सैल करतात. जाळीकडे बघा, म्हणून कंठशोष करणाऱ्यांना याहून मोठं समाधान नाही.

आता आमच्या जिल्ह्याचं. इथे वारा, वाळू, खारं पाणी आणि समुद्रावरची तिरीप. मासेमारांच्या बुबुळावर मांस वाढतं. एप्रिल-मेमध्ये मुलं डोळे चोळून लाल करतात. या अ‍ॅलर्जीला व्हर्नल म्हणतात, आणि ती मुलग्यांत जास्त. पावसात डोळे येतात. 2023 च्या जुलै-ऑगस्टमध्ये तर राज्यभर साथ होती. अशा वेळी मेडिकलमधून अँटिबायोटिक आणि डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड एकत्र असलेली बाटली घरात येते, ती जातच नाही.

देवबागकडचा एक शाळकरी मुलगा आठवतो. फळ्यावरचं वाचायचा, पण बाजूने आलेला चेंडू त्याला दिसत नसे. आईच्या पिशवीत अर्धं लेबल पुसलेली बाटली. “थेंब घातले की खाज जाता, म्हणान घालतंव,” ती म्हणाली. उन्हाळ्यामागून उन्हाळे ती घालत होती. दोन्ही डोळ्यांत दाब चाळिशीच्या घरात. निरोगी डोळ्यात तो सहसा 21 मिलिमीटर पाऱ्याच्या वर जात नाही. दृष्टीची शीर फिकी, आतून पोखरलेली. थेंब बंद करूनही दाब पुरता उतरला नाही, शस्त्रक्रियेसाठी गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात जावं लागलं. दाब आवरला, गेलेली नजर परत आली नाही. त्या माऊलीचा यात काय दोष? बाटली देणाऱ्या कोणीही तिला दाबाबद्दल सांगितलं नव्हतं.

पूर्वी आम्ही रुग्णाला आडवं झोपवून, डोळा बधिर करून, त्यावर शियॉट्झचा टोनोमीटर टेकवून दाब मोजायचो. वेळ लागायचा, पण मोजायचो. आज ओसीटी स्कॅनचे रंगीत रिपोर्ट फायलीत असतात आणि दाबाचा रकाना कोरा. ‘थोड्या दिवसांच्या थेंबांनी काय होतंय,’ म्हणणारे सहकारी भेटतात. ते थोडे दिवस कधी संपले, हे त्यांनी तपासलेलं नसतं.

माझं मागणं फार नाही. चिठ्ठीशिवाय हे थेंब विकू नयेत, हा नियम आहेच, तो पाळावा. दोन आठवड्यांहून जास्त घालायचे असतील तर सुरुवातीला, दोन आठवड्यांनी आणि पुढे दर महिन्याला दाब मोजावा. मुलांच्या अ‍ॅलर्जीत सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस या स्टिरॉइड नसलेल्या औषधांचा विचार लवकर करावा. पापण्यांजवळ लावायची मलमं, दम्याचे पंप, नाकातले फवारे यांतही स्टिरॉइड असू शकतं, त्यांचीही चौकशी व्हावी. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयापासून गावच्या आरोग्य केंद्रापर्यंत हातात धरायचा टोनोमीटर आणि तो वापरणारं माणूस असावं. आणि स्टिरॉइडच्या चिठ्ठीवर दाबाचा आकडा नसेल, तर रुग्णानेच विचारावं: डॉक्टर, माझा दाब किती?