खड्गशृंग : औषधाच्या नावाखाली होणारी हत्या

संहिताकारांनी गेंड्यास ‘खड्ग’ म्हटले आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील ४६ व्या, अन्नपानविधी अध्यायात त्याच्या मांसाचे गुण वर्णिले आहेत. सिंधूपासून ब्रह्मपुत्रेपर्यंतच्या नदीकाठच्या गवताळ प्रदेशात हा प्राणी विपुल होता, त्या काळची ती नोंद होय. आज भारत व नेपाळ मिळून एकशिंगी गेंडे सुमारे ४,००० उरले आहेत. त्यांची हत्या होते ती शिंगासाठी, आणि त्या शिंगाची मोठी मागणी औषध म्हणून आहे. त्यामुळे हा विषय वनखात्याइतकाच आपल्याही व्यवसायाचा ठरतो.

या शिंगात आहे तरी काय? मृगशृंग अस्थिमय असते; गाई-म्हशींच्या शिंगात हाडाचा गाभा असतो. गेंड्याच्या शिंगात यांपैकी काहीच नाही. केस व नखे ज्या केराटिन नामक प्रथिनाची बनतात, त्याच्याच तंतूंचा तो घट्ट पिंड होय. साहजिकच शृंगभस्माचे गुण त्यास चिकटविणे शास्त्राला धरून नाही. चिनी वैद्यकात ते प्रामुख्याने ज्वरघ्न म्हणून वापरले जाई. हाँगकाँगच्या चिनी विद्यापीठातील संशोधकांनी १९९० मध्ये उंदरांवर प्रयोग केले. त्यात मोठ्या मात्रेत ज्वर उतरल्याचे दिसले. परंतु तसाच परिणाम म्हशीच्या शिंगाच्या अर्कानेही दिसून आला. ज्वरावर सहज उपलब्ध द्रव्ये असताना या शिंगाचा आग्रह धरण्यास कोणताच आधार उरत नाही.

चीनने १९९३ मध्ये या शिंगाच्या व्यापारावर बंदी घातली, अधिकृत औषधिकोशातून ते वगळले आणि तेथील वैद्यांनी म्हशीचे शिंग प्रतिनिधी म्हणून स्वीकारले. २०१८ मध्ये बंदी शिथिल करण्याची घोषणा झाली; मात्र जगभरातून टीका होताच ती स्थगित करावी लागली. दरम्यान व्हिएतनाममध्ये हे शिंग कर्करोग बरा करते अशी निराधार वार्ता पसरली. दक्षिण आफ्रिकेत २००७ मध्ये शिकाऱ्यांनी १३ गेंडे मारले होते; २०१४ मध्ये ही संख्या १,२१५ झाली. खुद्द व्हिएतनाममधील अखेरचा जावा गेंडा २०१० मध्ये शिंग कापलेल्या अवस्थेत मृत आढळला. एका अफवेची किंमत किती असू शकते, हे यावरून ध्यानी यावे.

आपल्याकडे आसामचे काझीरंगा हे एकशिंगी गेंड्यांचे सर्वांत मोठे आश्रयस्थान होय. २०२२ च्या गणनेत तेथे २,६१३ गेंडे आढळले. आसाम सरकारने २०२१ मध्ये आपल्या कोषागारांतील २,६२३ शिंगांची तपासणी केली व २२ सप्टेंबर रोजी बोकाखाट येथे त्यांपैकी २,४७९ शिंगे जाहीरपणे जाळली. हे शिंग मूल्यहीन आहे, हाच त्यामागील संदेश होता. त्या तपासणीत २१ शिंगे नकली निघाली. सरकारी कोषागाराची ही कथा, तर चोरट्या बाजारात रुग्णाच्या हाती काय पडत असेल! पुढे २०२२ या वर्षी आसामात एकही गेंडा शिकाऱ्यांच्या हाती पडला नाही. १९७७ नंतर प्रथमच असे घडले. वनरक्षकांच्या जागत्या पहाऱ्याचे हे फळ होय. परंतु मागणी टिकून राहिली तर पहारा किती काळ पुरेल?

ती मागणी तोडण्याचे सामर्थ्य वैद्याच्या शब्दात आहे. द्रव्य दुर्लभ झाल्यास काय करावे, हे आपल्या शास्त्राने पूर्वीच सांगून ठेवले आहे. भावप्रकाशकारांनी मेदा-महामेदेच्या अभावी शतावरी, जीवक-ऋषभकाच्या अभावी विदारीकंद, काकोली-क्षीरकाकोलीच्या अभावी अश्वगंधा घेण्यास सांगितले. अभावद्रव्यांची ही परंपरा लाभलेल्या वैद्याने संकटग्रस्त प्राण्याच्या अवयवाशिवाय चिकित्सा अडते असे म्हणणे शोभत नाही.

औषधविक्रेत्यांनी कायद्याचेही भान ठेवावे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत गेंड्याचा समावेश आहे. त्याच्या शिंगाचा व्यापार केल्यास किमान ३ व कमाल ७ वर्षांचा कारावास आणि, २०२२ च्या दुरुस्तीनुसार, किमान २५,००० रुपये दंड होऊ शकतो. वस्तू ताब्यात सापडल्यास ती बेकायदा आहे असेच न्यायालय गृहीत धरते. तसे नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी बाळगणाऱ्यावर असते. वडिलोपार्जित दुकानांच्या जुन्या बरण्यांत ‘गेंड्याचे’ म्हणून ठेवलेला एखादा तुकडा निघाल्यास तो विकू नये, कोणास देऊही नये. वनखात्यास लेखी कळवावे. विक्रीस घेऊन येणाऱ्याची माहितीही वनखात्यास वा वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्यूरोस द्यावी.

रुग्णाने अशा शिंगाची विचारणा केल्यास ‘आमच्याकडे नाही’ एवढेच सांगून त्याला परत पाठवू नये; तो पुढच्या दुकानात जाईल. ‘त्यात नखांपलीकडे काही नाही, तुमच्या व्याधीवर हे औषध घ्या’ असे समजावून सांगावे. हे दोन मिनिटांचे काम प्रत्येक चिकित्सालयात व औषधालयात व्हावे, अशी नम्र विनंती आहे.