रुंद टायर कशासाठी?

घर्षण स्पर्शपृष्ठाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते, हे तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचले असेल. मग वेगवान स्पोर्ट्स कारला रुंद टायर का बसवतात?

कारण रबर हा नियम काटेकोरपणे पाळत नाही. रबरावरील दाब कमी झाला, की त्याचा घर्षण-गुणांक वाढतो. रुंद टायरमध्ये हवा थोड्या कमी दाबाने भरता येते. मग भार अधिक रबरावर विभागला जातो आणि वळणावर पकड सुधारते.

पोर्शे ९११ कॅरेरा आरएस (१९७३) या मोटारीचे इंजिन मागे होते. तिला पुढे १८५/७०, तर मागे २१५/६० मापाचे टायर होते. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे टायरच्या बाजूची उंची, रुंदीच्या टक्क्यांत. गुणाकार करून पाहा: १२९.५ आणि १२९! चारही रिम १५ इंची. म्हणजे रुंदी वाढली, पण चाकाचा व्यास जवळजवळ तोच राहिला. जुन्या चाकांऐवजी रुंद चाके बसवतानाही हाच हिशेब करावा लागतो. व्यास वाढला, तर फेऱ्यांवरून वेग मोजणारा स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवील.

पावसात मात्र हीच रुंदी घातक ठरू शकते. रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावे लागते. ते साधले नाही, तर चाक पाण्याच्या थरावर तरंगते. मग ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही निरुपयोगी!