विस्मृतीच्या घरांतील सण

सणाचा दिवस म्हटला म्हणजे तो घरांतील लहानमोठ्या सर्वांच्या आनंदाचा दिवस, असें आपण धरून चालतों. दूरदेशीं गेलेलीं मुलें घरीं येतात, भिंतींस रंग लागतो, दारीं कंदील झुलतो व स्वयंपाकघरांतून तळणीचा वास सुटतो. परंतु ज्या घरांत स्मृतिभ्रंशानें पीडलेला एखादा वृद्ध मनुष्य आहे, त्या घरीं हाच दिवस वर्षांतील अत्यंत कठीण दिवसांपैकीं एक होऊन बसतो. असें कां व्हावें, अशा घरांच्या मदतीकरितां स्थापन झालेल्या संस्था वर्षभर काय करितात, आणि त्यांस आपल्या साह्यकर्त्यांपासून खरोखर काय हवें असतें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम हा रोग म्हणजे काय तें पाहूं. डॉक्टर लोक ज्यास डिमेन्शिया म्हणतात व मराठींत ज्यास स्मृतिभ्रंश हें नांव रूढ झालें आहे, तो केवळ म्हातारपणचा विसराळूपणा नव्हे. चष्मा कोठें ठेवला हें विसरणें निराळें, आणि चष्मा कशासाठीं असतो हें विसरणें निराळें. या विकाराचे अनेक प्रकार आहेत. त्यांतील सर्वांत अधिक आढळणारा प्रकार आल्झायमरचा होय. आलोइस आल्झायमर या जर्मन वैद्यांनीं फ्रांकफुर्ट येथील रुग्णालयांत १९०१ सालीं दाखल झालेल्या औगुस्टे डेटर नामक ५१ वर्षांच्या स्त्रीस तपासलें होतें. ती १९०६ सालीं वारल्यावर त्यांनीं तिच्या मेंदूची सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं परीक्षा केली, व त्याच वर्षाच्या नोव्हेंबर महिन्यांत ट्यूबिंगेन येथील वैद्यांच्या सभेपुढें आपला शोध मांडला. पेशींच्या बाहेर एका प्रथिनाचे थर सांचलेले व पेशींच्या आंत तंतूंचा गुंता झालेला त्यांस आढळला. पुढें १९१० सालीं क्रेपेलिन यांनीं आपल्या ग्रंथांत या रोगास आल्झायमर यांचें नांव दिलें.

मेंदूच्या ज्या भागाकडे नव्या आठवणी टिपून ठेवण्याचें काम असतें, तो भाग या रोगांत बहुधा आरंभींच बिघडतो. म्हणून घटकेपूर्वीं जेवण झालें कीं नाहीं हें आजींस सांगतां येत नाहीं, पण साठ वर्षांपूर्वीं शाळेंत शिकलेली कविता त्या न अडखळतां म्हणून दाखवितात. हें पाहून घरच्यांस कधीं कधीं वाटतें कीं, त्या मुद्दाम सोंग करीत आहेत. हा मोठाच गैरसमज होय. वहीचीं जुनीं पानें शाबूत असावींत आणि नव्या पानांवर शाई उमटूंच नये, तशी त्यांची स्थिति झालेली असते.

हा रोग विरळा आहे असेंहि कोणीं समजूं नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणें २०२१ सालीं जगांत सुमारें ५ कोटि ७० लक्ष माणसांस स्मृतिभ्रंश होता. आपल्या देशाविषयींचें एक विस्तृत अनुमान २०२३ सालीं प्रसिद्ध झालें. त्यावरून साठ वर्षांवरील दर शंभरांत सातांहून अधिक, म्हणजे सुमारें ८८ लक्ष, माणसें या विकारानें ग्रस्त आहेत. प्रत्येक रोग्यामागें निदान एक तरी शुश्रूषा करणारें माणूस असतें. घरच्यांस व निकटच्या मित्रांस या कामीं सरासरीनें रोज पांच तास द्यावे लागतात, व या शुश्रूषेच्या एकंदर तासांपैकीं शेंकडा ७० तास स्त्रिया देतात, असें तीच संघटना सांगते. पांच तास म्हणजे आपल्या शाळेचा जवळजवळ सबंध दिवस! आणि या शाळेस ना रविवारची सुटी, ना मे महिन्याची.

आतां सणाकडे वळूं. निरोगी मनुष्य दहा आवाजांतून आपणांस हवा असलेला एक आवाज निवडून घेतो, व बाकीचे कानाआड करितो. रोग्याच्या मेंदूस ही निवड करितां येत नाहीं. सगळे आवाज सारख्याच जोरानें त्याच्या अंगावर येतात. त्यांत फटाका उडाला तर हा आवाज कशाचा, हें त्यास उमगत नाहीं. उरते ती केवळ भीति. सजावटीकरितां खुर्च्या हलविल्या, पलंगाची जागा बदलली, कीं सरावानें सांपडणारी न्हाणीघराची वाट हरवते. आलेला प्रत्येक पाहुणा मोठ्या प्रेमानें विचारतो, "ओळखलें का मला?" विचारणाऱ्यास हा विनोद वाटतो, ज्यास तो विचारला, त्याची मात्र दिवसांतून वीस वेळां परीक्षा होते, व वीसहि वेळां तो नापास होतो. शिवाय अनेक रोग्यांची बेचैनी दिवस मावळतांना वाढते, आणि आपले बहुतेक समारंभ तर सायंकाळींच रंगतात.

आपल्या शेजारच्या गोव्याचें उदाहरण घ्या. तेथें चतुर्थीस घर माणसांनीं भरून जातें व देवापुढें फळाफुलांची माटोळी बांधतात. दिवाळींत नरकासुराच्या प्रचंड प्रतिमा रात्रभर वाजतगाजत मिरवून पहांटे जाळतात. आणि नाताळांत परदेशीं राहणारे आप्त परत येतात, बेबिंका, दोदोल व नेवऱ्या होतात आणि मध्यरात्रीच्या उपासनेस सारें गांव लोटतें. हिंदु घर असो वा ख्रिस्ती, प्रसंग एकच येतो. सगळे निघाले, पण आजोबांजवळ कोण थांबणार? बहुधा रोज थांबते तीच सून अथवा लेक त्याहि रात्रीं थांबते. सणाची खरी उणीव जर कोणास भासत असेल, तर ती त्या सेविकेस.

तर मग अशा घरीं सण करूंच नये काय? अवश्य करावा, कारण त्यापासून रोग्याचें हितहि होतें. २०१४ सालीं अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठांतील संशोधकांनीं आल्झायमरच्या कांहीं रोग्यांस दुःखाचे व आनंदाचे चित्रपटांतील प्रसंग दाखविले. थोड्याच वेळांत काय पाहिलें याची आठवण बहुतेक पुसून गेली, परंतु त्या प्रसंगांनीं उठलेली दुःखाची वा आनंदाची भावना त्यानंतरहि त्यांच्या मनांत टिकून राहिली. या निष्कर्षाचें महत्त्व फार आहे. "भेटून काय उपयोग? उद्यां त्यांस आठवणार नाहीं," असें म्हणून जे भेटणेंच सोडतात, त्यांस हें चोख उत्तर आहे. भेट विसरली जाते, पण भेटीचा गोडवा मागें राहतो. आणि दटावणीहि विसरली जाते, पण तिचा सल राहतो.

घरोघरच्या लोकांस हें सारें आपोआप कळत नाहीं. तें कळविण्यासाठीं व हातभार लावण्यासाठीं ठिकठिकाणीं संस्था निघाल्या. इंग्लंडांत अशी संस्था १९७९ सालीं स्थापन झाली. निरनिराळ्या देशांतील संस्थांचा जागतिक संघ १९८४ सालीं निर्माण झाला, आणि त्या संघानें १९९४ सालापासून २१ सप्टेंबर हा दिवस या रोगाविषयीं जागृति करण्याकरितां नेमून दिला. भारतांत १९९२ सालीं केरळांत डॉ. जेकब रॉय कुरियाकोस यांच्या पुढाकारानें अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था उभी राहिली, व पुढें अनेक शहरांत तिच्या शाखा निघाल्या.

अशा स्थानिक संस्थेचें काम कसें असतें, व त्याचा उपयोग होतो किंवा कसें, याचा पडताळा गोव्यांतच घेतला गेला. संगाथ या संस्थेशीं संबंधित डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल व त्यांचे सहकारी यांनीं तेथील दोन तालुक्यांतील ८१ कुटुंबें घेतलीं. त्यांपैकीं ४१ कुटुंबांस लगेच साह्य दिलें, व बाकीच्यांस तें सहा महिन्यांनंतर मिळावयाचें होतें. साह्य देणारे कोणी मोठे तज्ज्ञ नव्हते. बारावीपर्यंत शिकलेलीं, त्याच भागांतील माणसें निवडून त्यांस थोडें शिक्षण दिलें होतें, व त्यांच्यावर तज्ज्ञांची देखरेख होती. हीं माणसें निदान पंधरा दिवसांतून एकदां घरीं जात, रोग समजावून सांगत, रोग्यानें त्रागा केल्यास काय करावें तें दाखवीत, आणि शुश्रूषा करणाऱ्याचें दुःखहि ऐकून घेत. सहा महिन्यांनीं पाहतां शुश्रूषा करणाऱ्यांचें मानसिक स्वास्थ्य सुधारलें होतें, व रोग्याच्या वागण्यानें त्यांस होणारा मनस्ताप कमी झाला होता. रोग्याचा विकार मात्र हटला नाहीं, आणि दैनंदिन कामें करण्याच्या त्याच्या शक्तींतहि निश्चित म्हणावा असा फरक पडला नाहीं. २००८ सालीं हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषधानें जें साधत नव्हतें, तें कोणी तरी नियमितपणें दाराशीं येण्यानें कांहीं अंशीं साधलें, हा त्यांतील बोध होय.

याच बोधावरून संस्थेच्या वर्षाचा आढावा कसा घ्यावा, हें आपणांस ठरवितां येईल. सप्टेंबर महिन्यांत पदयात्रा निघतात, व्याख्यानें होतात. सण आले म्हणजे दात्यांस दानाची आठवण होते. मिठाई येते, शाली येतात, गाण्याचे कार्यक्रम होतात. हें सर्व चांगलेंच आहे. परंतु जानेवारी उजाडतो, पाहुणे आपापल्या गांवीं जातात, कंदील माळ्यावर चढतो, आणि ती सून पुन्हां एकटी पडते. तेव्हां एखाद्या संस्थेचा वार्षिक अहवाल तुमच्या हातीं आला, तर समारंभांचीं छायाचित्रें पाहून थांबूं नका. वर्षांत किती घरीं संस्थेचा मनुष्य गेला? एकेका घरीं किती वेळां गेला? शुश्रूषा करणाऱ्यांस विसाव्याचे किती तास मिळाले? पावसाळ्यांत काम चालू होतें कीं बंद पडलें? या प्रश्नांचीं उत्तरें ज्या अहवालांत असतील, तो अहवाल खरा. साह्यकर्त्यानेंहि हीच कसोटी आपणांस लावावी. एकदां दिलेल्या शंभर रुपयांपेक्षां दरमहा दिलेले दहा संस्थेस अधिक उपयोगी पडतात, कारण त्यांवर तिला वर्षाचें काम आंखतां येतें. आणि पैशांपेक्षांहि दुर्मिळ वस्तु म्हणजे वेळ.

विद्यार्थिमित्रहो, पैसा तुमच्यापाशीं नसेल, पण वेळ आहे. तुमच्या आळींत असें घर असेल, तर सणाच्या दिवसांत घरच्यांच्या संमतीनें तेथें जा. परंतु घोळक्यानें जाऊं नका, दोघे दोघे जा, व शक्य तों सकाळीं जा. "ओळखलें का?" असें विचारण्याऐवजीं आपलें नांव आपणच सांगा. आजी एकच गोष्ट चौथ्यांदा सांगूं लागल्या, तर ती पहिल्यांदाच ऐकत आहां असें ऐका. वारलेल्या आईची त्या वाट पाहत असतील, तर वाद घालूं नका; आईविषयींच कांहीं विचारा, म्हणजे त्यांचें मन शांत होईल. वाती वळणें, फुलें निवडणें, मटार सोलणें असें एखादें हातचें काम त्यांच्यापुढें ठेवा. आपण अजून उपयोगी आहों ही जाणीव कोणासहि प्रिय असते. जुनीं गीतें, अभंग, आरत्या हीं पुष्कळदां शेवटपर्यंत ओठांवर राहतात. तीं त्यांच्याबरोबर म्हणा. फटाके त्या घरापासून दूर उडवा. घरच्यांस सुचवा कीं, गर्दींत जातांना आजोबांच्या खिशांत नांव, पत्ता व दूरध्वनीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. आणि सर्वांत मोठी भेट ही कीं, घरांतील एखाद्या वडील माणसास बरोबर नेऊन दोन तास तेथें बसा, व त्या सुनेस देवळांत, उपासनेस अथवा माहेरीं जाऊं द्या.

यांत तुमचाहि लाभ आहे. २०२४ सालीं लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळानें या रोगास पोषक होणारीं, पण टाळतां येण्याजोगीं, १४ कारणें सांगितलीं. बालपणीं शिक्षण कमी मिळणें, बहिरेपणा, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, व्यायामाचा अभाव आणि एकलकोंडेपणा हीं त्यांपैकींच होत. हीं सर्व कारणें दूर करितां आलीं, तर शंभरांतील सुमारें ४५ जणांचा रोग टळेल अथवा लांबणीवर पडेल, असें त्या मंडळाचें मत आहे. म्हणजे तुम्ही आज मन लावून शिकतां व मैदानावर खेळतां, तीहि आपल्या वार्धक्याची तरतूदच होय. आणि शेजारच्या एकाकी वृद्धास तुम्ही जी सोबत देतां, ती त्याचें एक कारण तितक्यापुरतें हलकें करिते.

या रोगास समूळ बरें करणारें औषध अद्याप सांपडलेलें नाहीं. तें शोधण्याचें काम विद्वानांचें आहे, आणि कदाचित् तुमच्यांतीलच कोणी पुढें तें हातीं घेईल. परंतु तोंवर जें करण्याजोगें आहे, त्यास विद्वत्ता लागत नाहीं. या अंकांत आपण शाळेच्या वर्षाचा हिशेब मांडतों. किती उत्तीर्ण झाले, किती बक्षिसें मिळालीं, कोणते सामने जिंकले. पुढील वर्षीं त्यांत आणखी एक ओळ घालतां यावी, अशी इच्छा आहे: आमच्या विद्यार्थ्यांनीं विस्मृतीच्या घरीं इतके तास सोबत केली, आणि त्यांतील निम्मे तास कोणताहि सण नसतांना केली.