खटक्यावर बोट, पण गोळी सुटेना!

उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनी ‘थ्री-नॉट-थ्री’ला समारंभपूर्वक निरोप दिला. ही ली-एनफिल्ड रायफल म्हणजे शंभरी पार केलेली म्हातारी. बोल्ट मागे ओढा, पुढे ढकला, चाप दाबा, एवढाच तिचा कारभार. तरीही अशा जुन्या रायफली अडतात, रुसतात, नेम चुकवतात. गंमत म्हणजे खरा गुन्हेगार बहुतेक वेळा भलताच निघतो!

बोल्ट ढकलला, काडतूस हलेना
थ्री-नॉट-थ्रीच्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली, की दोघं एकमेकांत अडकून बसतात. रायफल ठणठणीत, भरणाऱ्याचा हात घाईत! वरच्याची कड कायम खालच्याच्या पुढे ठेवायची, की भांडण मिटलं.

मिटताना जड? बिघाड नव्हे!
जर्मन माउझर ९८ चा बोल्ट उघडताना स्प्रिंग ताणली जाते, ली-एनफिल्डचा मिटताना. माउझरची सवय असलेल्याला वाटतं, काहीतरी अडतंय. पण याच रचनेवर हात बसलेल्या ब्रिटिश सैनिकांकडून पहिल्या महायुद्धाआधी मिनिटाला किमान १५ गोळ्यांची, तीही ३०० यार्डांवरच्या लक्ष्यावर, अपेक्षा असे.

चार गोळ्या झाल्या, बोल्ट चिकटला
रशियाच्या १८९१ च्या मोसिन-नागां रायफलची ही प्रसिद्ध खोड. दुसऱ्या महायुद्धानंतर या रायफली घट्ट ग्रीस थापून गोदामांत ठेवल्या गेल्या. काडतूस बसतं त्या खोबणीत उरलेलं ग्रीस नळी तापली की चिकट होतं आणि मग बोल्ट उघडायला तळहाताने ठोसे मारावे लागतात. हातोडी नको, सॉल्व्हंट, ब्रश आणि चिकाटी पुरे.

गंज? आधी पाणी ओता!
जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाला की नळीत क्षार उरतो, तो हवेतली ओल खेचतो आणि पोलाद गंजतं. तेल हा क्षार विरघळवत नाही, पाणी विरघळवतं. म्हणून ब्रिटिश सैनिक फनेल लावून नळीत चक्क उकळतं पाणी ओतत. मग दस्त्याच्या पोटातल्या झडपेतून पितळी तेलाची बाटली आणि पुल-थ्रू निघे. दोरीच्या टोकाला चिंदी, चिंदी नळीतून आरपार, शेवटी तेलाचा हात. पुल-थ्रू आणि चिंदी एनसीसीवाल्यांच्याही चांगल्या ओळखीची.

अर्धं काडतूस बाहेर, अर्धं आत
बोल्टचं तोंड आणि काडतुसाचं बूड यांतली फट वाढली, की पितळी कवच ताणून तुटतं. ली-एनफिल्ड नंबर ४ साठी यावर झकास तोड होती: बोल्टचं डोकं फिरवून काढता येई आणि ते ०, १, २, ३ अशा वाढत्या मापांत मिळे. झिजली रायफल, बदललं डोकं! मोजणी मात्र गेजनेच. आपल्याकडे हे काम परवानाधारक बंदूक-कारागिराचंच. घरच्या पान्याने हात घालू नये.

दोष उन्हाचा!
अमेरिकेच्या स्प्रिंगफील्ड १९०३ च्या सुरुवातीच्या काही रायफलींचे सांगाडे बार होताच फुटले. भट्टीतलं पोलाद पुरेसं तापलं का, हे कारागीर त्याच्या रंगावरून ठरवत. पुढे तापमापक लावल्यावर कळलं, की लख्ख उन्हात ‘बरोबर’ रंगाचं वाटणारं पोलाद ढगाळ दिवसापेक्षा तब्बल ३०० अंश फॅरनहाइटपर्यंत जास्त तापलेलं असे. पोलाद अतितापून ठिसूळ होई.

नेमबाजांची लाडकी, चिखलाची वैरी
कॅनडाची रॉस रायफल अचूक होती, पण एप्रिल १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या ईप्रच्या लढाईत तिने मान टाकली. चिखल आणि तापलेली नळी, बोल्ट उघडेना! अनेक कॅनेडियन सैनिकांनी ती फेकून पडलेल्या ब्रिटिशांच्या ली-एनफिल्ड उचलल्या. शिवाय रॉसचा बोल्ट चुकीचा जोडला तरी तो मिटे, पण कुलूपबंद होत नसे आणि बार होताच उलटा मागे येई. नंतर रिव्हेट ठोकून ती वाट बंद केली. स्नायपरांनी मात्र रॉस सोडली नाही.

लाकडाचे नखरे
दमट हवेत लाकूड फुगतं, नळीवर दाब येतो आणि नेम सरकतो. लाकूड फुटू नये म्हणून पश्चिम बंगालच्या ईशापूर कारखान्याने पुढच्या भागात आडवा स्क्रू घातला. आज जगभरचे संग्राहक त्यावरून ईशापूरची रायफल ओळखतात. ऑस्ट्रेलियाने मऊ कोचवुड वापरलं तेव्हा धक्का बसणाऱ्या जागी तांब्याच्या पट्ट्या बसवल्या.

दुरुस्त करूच नका!
रायफलवर ‘डीपी’ दिसलं तर पाना खाली ठेवा. ड्रिल पर्पज, म्हणजे फक्त कवायतीची. गोळीबाराला नालायक ठरलेली, बऱ्याचदा फायरिंग पिन कापून किंवा नळीला भोक पाडून मुद्दाम निकामी केलेली. ती चालत नाही, हाच तिचा फिटनेस!