आरामाची गाडी आणि भरवशाची गाडी

घरात मोटार घ्यायची ठरली, की पारावर दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, युरोपच्या बनावटीची घ्या, पालखीत बसल्यासारखे वाटेल. दुसरा म्हणतो, जपानची घ्या, वाटेत दगा देणार नाही. पैसे मात्र तुमचे जायचे असतात. आणि रात्री-अपरात्री घरच्या आजाऱ्याला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचे, तेही तुम्हालाच. तेव्हा मंडळी, ही दोन मते आली कुठून ते जरा पाहू.

आधी आराम. फ्रान्समध्ये १९३५ नंतर सित्रोएन कारखान्याच्या बुलांजे नावाच्या कारभाऱ्यांनी आपल्या कारागिरांना एक मागणी घातली. गाडीत दोन शेतकरी आणि पन्नास किलो माल बसावा, ती ताशी साठ किलोमीटर चालावी, आणि नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली नेली तर अंडे फुटू नये! मधे महायुद्ध आले. अखेर १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात ही टू सी.व्ही. गाडी लोकांपुढे आली. तिची युक्ती समजायला सोपी आहे. एकाच बाजूचे पुढचे चाक आणि मागचे चाक खालून एका आडव्या स्प्रिंगेला जोडलेले. पुढचे चाक दगडावर चढले की त्याची ओढ मागच्या चाकाकडे पोचते आणि गाडीचे धूड फारसे डुलत नाही. इंजिन छोटे, हवेने थंड होणारे. म्हणजे त्यात पाणीच नाही, मग उकळणार काय? ही गाडी १९९० पर्यंत निघत होती. तेव्हा युरोपची गाडी म्हणजे नाजूक, असे सरसकट म्हणू नका.

पण त्याच कारखान्याची दुसरी गोष्ट ऐका. १९५५ साली त्यांनी डी.एस. नावाची गाडी काढली. हिला लोखंडी स्प्रिंगाच नाहीत. प्रत्येक चाकापाशी एक गोळा, त्यात एका बाजूला कोंडलेला वायू आणि दुसऱ्या बाजूला तेल. खड्डा आला की तेल वायूला दाबते, धक्का तिथेच जिरतो. माणसे जास्त बसली तरी गाडी आपली उंची आपणच सावरते. अशी बैठक त्या काळी दुसरीकडे मिळणे कठीण. पण स्टिअरिंग, ब्रेक, स्प्रिंग, सारी कामे त्या एका तेलाच्या दाबावर! सुरुवातीचे तेल हवेतली ओल शोषून घेई आणि आतून गंज धरे. दहा-अकरा वर्षांनी तेल बदलले तेव्हा तो त्रास कमी झाला. एवढे सुख हवे, तर ते सांभाळणारा जाणता कारागीरही जवळ हवा.

आता जपानकडे वळू. जपानी गाडी जन्मतःच भरवशाची होती, हा समज खरा नाही. टोयोटाने १९५७ साली आपली क्राउन गाडी अमेरिकेला पाठवली. ती जपानच्या कच्च्या रस्त्यांना पुरेशी दणकट होती; पण तिथल्या लांबलचक हमरस्त्यांवर वेगाने पळवली की थरथरे, इंजिन तापे. थोड्याच वर्षांत ती विक्री आवरावी लागली.

मग भरवसा आला कुठून? त्याचे मूळ चक्क मागात आहे. साकिची टोयोदा यांनी १९२४ साली एक यंत्रमाग तयार केला. धागा तुटला की तो माग आपोआप थांबे. इचलकरंजी-मालेगावच्या माणसाला याची किंमत सांगायला नको. माग तसाच चालू राहिला तर वारच्या वार कापड वाया जाते. त्यांच्या मुलाने मोटारीचा कारखाना काढला आणि हीच रीत तिथे रुजली. जोडणी करताना चूक दिसली, की साध्या कामगारानेही दोरी ओढायची. चूक तिथल्या तिथे निस्तरली नाही, तर सारी रांग थांबायची. याच सुमाराला, १९५० साली, डेमिंग नावाच्या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञांनी जपानी इंजिनियरांना व्याख्याने दिली. माल तयार झाल्यावर वाईट तो निवडून टाकण्यापेक्षा वाईट होऊच नये अशी कामाची रीत बसवा, हा त्यांचा मुद्दा. (परीक्षेनंतर नापास मुले मोजणाऱ्या आम्हा मास्तरांनीही तो ऐकावा!) त्यांच्या नावाचे पारितोषिक टोयोटाला १९६५ साली मिळाले आणि १९६६ साली कोरोला आली. तिच्या मागच्या चाकांना टांग्याला असत तसले साधे पाटेच होते. बसायला डी.एस.ची सर नाही, पण बिघडण्यासारखे होतेच थोडे.

आपल्याकडे हे दोन्ही वळणांचे नमुने येऊन गेले. इटलीच्या फियाटच्या नमुन्यावर कुर्ल्याच्या कारखान्यात गाडी बने. तीच पुढे पद्मिनी म्हणून ओळखली गेली. मुंबईच्या टॅक्सीत ती २०२३ पर्यंत टिकली. टिकली याचे एक कारण असे, की तिची नाडी गल्लीतल्या प्रत्येक मिस्त्रीला ठाऊक होती. डिसेंबर १९८३ मध्ये जपानच्या सुझुकीच्या नमुन्यावरची मारुती ८०० आली, ती हलकी नि कमी खर्चाची.

आज तर देशाच्या नावावर जाण्यात फारसा अर्थ नाही. टोयोटाच्या गाड्या फ्रान्समध्ये बनतात, सुझुकीच्या हंगेरीत. माझे मत विचाराल तर, गावात राहणाऱ्याने आधी मिस्त्री पाहावा, मग गाडी. तुमच्या गावापासून तासाभरात तिचे सुटे भाग मिळतात का, हे विचारा. आरामाची परीक्षा दुकानापुढच्या गुळगुळीत रस्त्यावर घेऊ नका. घरची चार माणसे बसवा, स्वतः मागच्या बाकावर बसा आणि तुमच्या गावच्या खडीच्या वाटेने चक्कर मारा. जुनी गाडी असेल तर उभ्या गाडीचा एक कोपरा दोन्ही हातांनी जोराने खाली दाबा आणि सोडा. एकदा वर येऊन स्थिरावली तर ठीक. दोन-तीनदा झुलत राहिली, तर तिचे धक्काशोषक गेले असे समजा आणि तेवढी रक्कम किमतीतून वजा करायला सांगा.