बाळूंचा चेंडू आणि मातीचे भांडे
कामरेजच्या आमच्या शाळेत क्रिकेटचा संघनायक निवडावयाची वेळ आली, की आम्ही मुलांना पालवणकर बाळूंची कथा सांगतो.

धारवाडला चर्मकार कुटुंबात जन्मलेल्या बाळूंनी पुण्यात युरोपियनांच्या क्लबात दरमहा चार रुपयांवर खेळपट्टीची निगा राखली. तेथे जे. जी. ग्रेग यांच्यासारख्या कसलेल्या फलंदाजास सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकता टाकता त्यांची डावखुरी फिरकी सिद्ध झाली. पुढे पुण्यातील हिंदूंच्या संघालाही हा गोलंदाज हवासा वाटला. मात्र चहाच्या वेळी सोबत्यांना आत चिनी मातीचे पेले, आणि बाळूंना बाहेर साध्या मातीचे भांडे! त्यांच्या हातचा चेंडू तेवढा कोणाला विटाळत नव्हता.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनी मात्र शंभराहून अधिक बळी मिळविले. तरीही हिंदू संघाच्या नायकपदी त्यांची निवड कधीच झाली नाही. तो मान १९२३ मध्ये धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाला. १९५५ मध्ये बाळू मुंबईत निवर्तले.

परप्रांतात आपलेही मोल कधी कधी नुसत्या आडनावावरून ठरते, हे वाचकांस ठाऊक आहेच. मग आपल्या हातून तरी तसे का व्हावे? म्हणून संघाची यादी हाती आली, की आम्ही आधी आडनावांचा रकाना झाकतो आणि मगच बळींचा हिशेब वाचतो.